दुर्गयात्रा घाटवाटेने आखावी

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना एकत्रित मानांकन दिले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी ही ती बारा नावे. त्यांतला जिंजी तमिळनाडूत, बाकीचे अकरा महाराष्ट्रात. मानांकनाचा आनंद योग्यच होता. मात्र त्यानंतर दुर्गपर्यटनाची जी चर्चा सुरू झाली, तिच्यात एक गृहीतक फारसे तपासून न पाहता स्वीकारलेले दिसते. यादी बारा किल्ल्यांची आहे, तेव्हा सहलही बारा किल्ल्यांची असावी; बारा जमत नसतील तर सहा, सहा जमत नसतील तर चार, पण घ्यायचे ते या बारांतूनच, असे ते गृहीतक आहे. ते चुकीचे आहे असे मला वाटते, आणि सरकारी पर्यटन यंत्रणेने त्यावर आपले आराखडे उभे केले, तर किल्ल्यांचेही नुकसान होईल आणि पाहायला येणाऱ्याच्या हातीही फारसे काही लागणार नाही. किल्ला ज्या घाटवाटेवर, ज्या खाडीच्या तोंडावर किंवा ज्या खोऱ्यावर नजर ठेवायला उभा राहिला, ती वाट, ती खाडी, ते खोरे धरून दुर्गयात्रा आखली पाहिजे.

मुळात ही यादी प्रवासासाठी केलेलीच नाही. महाराष्ट्रात साडेतीनशेहून अधिक किल्ले आहेत आणि ते सगळे एका प्रस्तावात बसणार नव्हते, म्हणून प्रत्येक प्रकारचे नमुने निवडले गेले. रायगड, राजगड, साल्हेर हे डोंगरी किल्ले, प्रतापगड दाट जंगलातल्या डोंगरावरचा, पन्हाळा पठारावरचा, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, तर खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग बेटांवरचे. अशा निवडीत किल्ले एकमेकांहून वेगळे असणे महत्त्वाचे असते. ते एकमेकांच्या जवळ असण्याची काही गरज नसते. म्हणूनच साल्हेर गुजरातच्या हद्दीला लागून आहे आणि जिंजी पुदुच्चेरीच्या अलीकडे. या दोन्हींना एका सहलीत गुंफणारा माणूस किल्ले पाहत नाही, तो यादीवर खुणा करत जातो. राजस्थानातल्या सहा डोंगरी किल्ल्यांना २०१३ मध्ये असेच एकत्रित मानांकन मिळाले, पण आजही आमेरला रीघ लागते ती जयपूर हाकेच्या अंतरावर आहे म्हणून, आणि झालावाडजवळचा, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला गागरोण बहुतेक सहलींच्या पत्रकात नसतोच. मानांकनामुळे नाव सर्वतोमुखी होते. तिथे जायचे कसे आणि पाहायचे काय, हे मात्र वेगळे ठरवावे लागते.

यादीच्या हिशेबाने आखलेल्या सहलीत प्रत्यक्षात काय होते, हे रायगडावर कोणत्याही रविवारी दिसते. पाळण्याने, म्हणजे रोपवेने, वर जायचे, राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि समाधी एवढे दोन-अडीच तासांत उरकायचे, खाली येऊन जेवायचे आणि प्रतापगडाच्या दिशेने बस सोडायची. सदरेवर राज्याभिषेकाची हकिगत ऐकताना ऊर भरून येतो, यात खोटे काही नाही. पण राजधानी राजगडाहून इथे का आली, हा प्रश्न त्या दोन तासांत कोणाच्या मनात यायला वाव मिळत नाही. त्याचे उत्तर गडावर नाही. ते काळ आणि गांधारी नद्यांच्या खोऱ्यांत आहे, कावळ्या घाटाच्या तोंडाशी बसलेल्या कोकणदिव्यात आहे, समोर सुळक्यासारख्या उभ्या असलेल्या लिंगाण्यात आहे, आणि गलबते जिथवर येत त्या सावित्रीकाठच्या महाडमध्ये आहे. ज्याने महाडच्या बाजूने चालत किंवा निदान गाडी हळू हाकत रायगडाचा घेर पाहिला, त्याला गडाच्या निवडीचे इंगित कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

जून २०२५ मध्ये मुंबईहून सुटलेल्या ‘भारत गौरव’ गाडीच्या सहा दिवसांच्या सहलीत रायगड, पुण्यातला लाल महाल आणि कसबा गणपती, शिवनेरी, भीमाशंकर, प्रतापगड, कोल्हापूरची अंबाबाई आणि पन्हाळा असा कार्यक्रम होता. घराबाहेर पडायला कोणाची तरी सोबत लागते अशा कितीतरी लोकांची सोय या गाडीने झाली, आणि त्यासाठी तिचे स्वागतच करायला हवे. तरीही चार गड चार वेगळ्या मुलखांतले, मधले अंतर बसच्या खिडकीतून मागे पडणारे, आणि महिना मृगाचा, म्हणजे वाटा निसरड्या आणि गडमाथे ढगांत बुडालेले, हे विसरून चालणार नाही. अशी सहल हा सुरुवातीचा धडा म्हणून ठीक आहे. सगळ्या नियोजनाने तिचाच कित्ता गिरवावा, याला माझा आक्षेप आहे.

पर्याय काय, हे सांगण्यासाठी मी जुन्नरचे उदाहरण घेईन, कारण तिथे हा विचार कोणत्याही मोठ्या खर्चाशिवाय अमलात आणता येईल. आज जुन्नरला येणारा पर्यटक शिवनेरी चढतो, सात दरवाजे ओलांडतो, शिवाई देवीचे दर्शन घेतो, जन्मस्थानापाशी नमस्कार करतो आणि उतरून फार तर लेण्याद्रीला जातो. शिवनेरी हा ज्या साखळीतला एक दुवा आहे ती साखळी पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटरवर, नाणेघाटात सुरू होते. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल वैशाखऱ्याच्या बाजूने घाट चढून जुन्नरच्या बाजारात येत असे, आणि हा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वी इतका भरभराटीला आला होता की सातवाहनांनी घाटाच्या माथ्यावर लेणे कोरून तिथे राणी नागनिकेचा, यज्ञांची आणि दानांची जंत्री देणारा ब्राह्मी लेख खोदवला. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. एवढी कमाईची वाट उघडी ठेवणे कोणत्याच राजवटीला परवडणारे नव्हते. म्हणून घाटाच्या अगदी डोक्यावर जीवधन, तिथून जुन्नरकडे येताना चावंड, पुढे हडसर आणि शेवटी बाजारपेठेच्या उशाशी शिवनेरी, असे चार गड या एका वाटेच्या राखणीसाठी उभे राहिले.

आता हीच वाट धरून तीन दिवसांची सहल आखून पाहा. पहिल्या दिवशी वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायचा. चढण दमवणारी आहे पण अवघड नाही, आणि ज्यांना चढवत नाही त्यांनी जुन्नरहून गाडीने घाटघरमार्गे थेट माथ्यावर यावे. मुक्काम घाटघरला. दुसऱ्या दिवशी जीवधन, तिथल्या कोठारांसह आणि शेजारच्या वानरलिंगी सुळक्यासह. ज्यांना जीवधनची वाट झेपणार नाही त्यांच्यासाठी चावंड आणि तिथली सात टाकी. तिसऱ्या दिवशी हडसरचा कातळ फोडून काढलेला दरवाजा पाहून दुपारी शिवनेरी. या क्रमाने शिवनेरीवर पोहोचलेल्या माणसाला मग इतिहासातले काही अवघड मुद्देही सहज उमजतात. निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजांनी निजामशाही वंशातल्या मुलाला जीवधनावरून सोडवून पेमगिरीला गादीवर बसवले, तेव्हा ते याच टापूवर आपली पकड बसवत होते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नरवर छापा घातला, १६७३ मध्ये शिवनेरी घेण्याचा प्रयत्न केला, पण जन्मस्थानाचा हा गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. पुष्कळ मराठी माणसांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि गडावरच्या पंधरा मिनिटांच्या माहितीत तिला जागाही मिळत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी जीवधन आणि चावंडच्या वाटा सुरुंग लावून का उडवल्या, हेही त्या फुटक्या पायऱ्यांपाशी उभे राहिल्यावर कळते. घाटाची नाकेबंदी पुन्हा कोणाच्या हाती जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. शिवनेरी यादीत आहे. जीवधन, चावंड आणि हडसर यादीत नाहीत. यादी प्रमाण मानली तर हा सगळा प्रदेश नियोजनाच्या बाहेर राहतो.

हाच न्याय बागलाणाला लावता येईल. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर, आणि त्याच्या परिसरात १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवले. केवळ उंचीसाठी साल्हेरवर जाणाऱ्याला सालोटा, मुल्हेर, मोरा आणि हरगड या आसपासच्या गडांची गरज वाटत नाही. सुरतेहून दख्खनकडे येणाऱ्या रस्त्यावरची ठाणी म्हणून पाहणाऱ्याला मात्र ती टाळताच येत नाहीत, आणि मग १६७० च्या सुरतेच्या दुसऱ्या मोहिमेवरून परतताना वणी-दिंडोरीला झालेली लढाईही त्याच वाटेवर येते.

समुद्राकडची स्थिती थोडी निराळी आहे, कारण तिथे आराखडा ऋतूच ठरवतो. पावसाळ्यात सिंधुदुर्गाची होडी बंद असते, सुवर्णदुर्गाची बंद असते आणि खांदेरीला जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे ‘बारमाही दुर्गपर्यटन’ ही घोषणा किनाऱ्यापुरती तरी पोकळ आहे. पण होड्या सुरू असतानासुद्धा आपण जलदुर्ग एकेकटा पाहतो. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड असे तीन छोटे किल्ले आहेत, आणि त्यांच्याशिवाय बेटावरच्या किल्ल्याची रचना अर्धीच समजते. खांदेरीचे तर विचारूच नका. मुंबई बंदराच्या दक्षिणेच्या तोंडाशी असलेले हे बेट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतले तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही हादरले. इंग्रजांनी गलबते पाठवून बांधकाम रोखण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि सिद्दीने लगोलग शेजारची उंदेरी ताब्यात घेऊन तिच्यावर तटबंदी उभारली. खांदेरीवर उतरून वेताळाचे देऊळ आणि दीपगृह पाहणे ठीक, पण उंदेरी, थळचा किनारा आणि मुंबईची दिशा दाखवल्याशिवाय त्या बेटावर किल्ला का हवा होता, हे सांगता येणार नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापासून सुरू होणारी आणि आंग्र्यांचा आरमारी इतिहास धरून विजयदुर्गापर्यंत उतरणारी यात्रा हिवाळ्यात सहज बसते. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या बाजूला पेशवे होते. ही कटू हकिगत किनाऱ्याच्या क्रमाने जाणाऱ्याला चुकवता येत नाही, आणि ती चुकवूही नये.

या मांडणीवर पहिला आक्षेप वेळेचा आणि वयाचा येईल. ज्याला वर्षातून चार दिवसांची रजा मिळते, ज्याच्यासोबत आईवडील आणि लहान मुले आहेत, त्याने घाटवाटा तुडवायच्या का? आक्षेप खरा आहे, आणि दुर्गप्रेमींच्या एका वर्गाने त्याची आजवर नीट दखल घेतलेली नाही. पाळण्याने रायगडावर येणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहणे हा आपल्याकडचा एक उगाच मिरवण्याचा प्रकार आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींनी समाधीवर फूल वाहायचे असेल, तर पाळण्याला पर्याय नाही. पण घाटवाट धरून आखणे म्हणजे सगळ्यांनी सगळे चालणे नव्हे. पन्हाळ्यावर थेट गाडी जाते. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी म्हाताऱ्या माणसालाही सावकाश पाहता येतात. तिथून विशाळगडाच्या दिशेने रस्ता आहे, आणि वाटेत पावनखिंडीपर्यंतही गाडीने बरेचसे जवळ जाता येते. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघालेली पालखी ज्या मुलखातून गेली, तो मुलूख खिडकीतून का होईना पाहत जाणे आणि खिंडीपाशी थांबणे, हे पन्हाळ्याहून उठून दुसऱ्या जिल्ह्यातला यादीतला पुढचा गड गाठण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. चालणाऱ्यांनी आषाढात चालत जावे, दरवर्षी जातातही. दोघांची यात्रा एकच राहते, फक्त वेग वेगळा असतो. विशाळगड यादीत नाही म्हणून कार्यक्रमपत्रिकेतून गळावा, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्या गडांवर आज शुकशुकाट आहे, तिथे पर्यटकांना नेणे म्हणजे तिथलीही वाट लावणे नाही का? त्र्यंबकच्या बाजूच्या हरिहरचे काय झाले ते समोर आहे. एका वेळी एकच माणूस जेमतेम चढेल अशा कातळातल्या पायऱ्यांची चित्रे मोबाइलवर फिरली, आणि सुटीच्या दिवशी तिथे इतकी झुंबड उडू लागली की वनखात्याला निर्बंध घालावे लागले. पावसाळी रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर जी दाटी होते, ती पाहून हाच प्रयोग जीवधनवर करण्याची कल्पनाही भीतिदायक वाटते. त्यामुळे कोणत्याही नव्या वाटेची जाहिरात करण्याआधी त्या वाटेवर दिवसाला किती माणसे सामावतील, हा आकडा ठरवला गेला पाहिजे, आणि तो पाण्यावरून ठरला पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावे, नसेल आणि जागा सोडता येणार नसेल तर आधी खडक फोडून टाकी करावीत, असे बजावले आहे. तीनशे वर्षांपूर्वीची ही सूचना आजच्या पर्यटन आराखड्यांत मला क्वचितच दिसते. तिच्या जागी वाहनतळाची लांबी-रुंदी दिसते.

आकडा ठरला की तो पाळायचा कोणी, हा पुढचा प्रश्न, आणि इथे घेऱ्यातली गावे महत्त्वाची ठरतात. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही नावे महसुली दप्तरात आजही आहेत. गडाच्या पायथ्याची राखण ज्यांच्याकडे होती त्यांच्या या वस्त्या. आजची घाईची सहल त्यांना काय देते? एखादी पिठलं-भाकरीची पंगत, थोडे ताक, आणि संध्याकाळी बाटल्यांचा ढीग. मुक्काम पुण्यात किंवा महाबळेश्वरला होतो, पैसा तिथे राहतो. त्याऐवजी घाटघर, गुंजवणे किंवा साल्हेरवाडीत रात्र काढणारी यात्रा आखली, गावातलाच वाटाड्या सक्तीचा केला, आणि माणशी घेतलेल्या शुल्काचा ठरावीक वाटा ग्रामपंचायतीला मिळू लागला, तर गर्दीवर लक्ष ठेवणारे लोक आपोआप तयार होतील. राजगडावर हे विशेष करून पटते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि बालेकिल्ला एका दिवसात नीट पाहून होत नाहीत, आणि ज्या राजधानीत महाराजांचा सर्वाधिक काळ गेला तिथे तीन तास काढून परतणे हे त्या गडाला न पाहण्यासारखेच आहे. गुंजवण्याला मुक्काम करून पहाटे चोरवाटेने चढणाऱ्याला हे लगेच कळते, आणि जमले तर पुढच्या दिवशी तोरणाही होतो.

अडचण अशी की हे सगळे करायला एक हात नाही. बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. भोवतालचे जंगल वनखात्याचे, पायथ्याचा रस्ता बांधकाम खात्याचा, जेट्टी मेरिटाइम बोर्डाची, आणि पर्यटकाला बोलावणारे महामंडळ वेगळेच. त्यात किल्ल्यांच्या बाबतीत सरकारी हेतूंवर लोकांचा विश्वास कमी आहे, आणि त्याला कारणही आहे. २०१९ मध्ये काही किल्ले वारसा हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा विचार पुढे आला तेव्हा एवढा संताप उसळला की शिवकाळाशी निगडित किल्ले यात नाहीत असा खुलासा सरकारला करावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणच्या राजकोटावर उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोसळला. खर्च दिसेल अशा कामावर करायचा आणि घेऱ्यातल्या पायवाटेला, शौचालयाला, टाक्यांच्या गाळाला पैसा नाही म्हणायचे, ही सवय मानांकनाने आपोआप सुटणार नाही.

जिंजीचा विचार याच संदर्भात करायला हवा, कारण महाराष्ट्राच्या यंत्रणेचा तिथे अधिकार चालत नाही आणि तरीही मराठी पर्यटकांचा ओघ तिकडे वाढणार. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग या तीन टेकड्यांना कवेत घेणारी तटबंदी पाहून चेन्नईला परतणे हा यादीचा मार्ग झाला. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत महाराजांनी जिंजी घेतली, पुढच्या वर्षी वेल्लोर मिळाले, तंजावरला व्यंकोजीराजांची गादी आधीच होती. आणि १६८९ मध्ये राजाराम महाराज तिथे पोहोचले तेव्हा पुढची कित्येक वर्षे मोगलांना झुलवत ठेवण्याचे बळ या दक्षिणेतल्या मराठी मुलखातून आले. तेव्हा जिंजी, वेल्लोर आणि तंजावर अशी चार-पाच दिवसांची यात्रा आखावी, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा लांबलचक मराठी शिलालेख व सरस्वती महाल ग्रंथालय तिच्यात असावे. तमिळनाडूच्या पर्यटन खात्याशी बोलून मराठीत माहिती देणारे वाटाडे तिथे तयार करता येतील. तंजावरकडे आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, आणि हे काम त्यांच्यातल्या तरुणांना देता येईल.

एवढा सगळा पसारा एकदम मांडावा, असे माझे म्हणणे नाही. एक वाट निवडावी, आणि ती नाणेघाटाची असावी, कारण जुन्नर तालुका २०१८ मध्येच विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे आणि सात वर्षांनंतरही त्या घोषणेचा शिवनेरीपलीकडच्या गावांना नेमका काय उपयोग झाला, हे विचारण्याची वेळ आली आहे. जुन्नरहून घाटघरला सकाळी नेणारी आणि संध्याकाळी आणणारी एसटीची भरवशाची फेरी, गावातल्या दहा-वीस वाटाड्यांचे प्रशिक्षण, चारही गडांवरच्या पिण्याच्या टाक्यांची साफसफाई आणि दर दिवसाची माणसांची मर्यादा, एवढ्या चार गोष्टी एका हंगामात करता येतात. त्यांचा खर्च एखाद्या स्वागतकमानीपेक्षा फार जास्त नसावा, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्या वाटेवर काय घडले याचा हिशेब ग्रामसभेत मांडता येईल.